अल्केनचा धडा: पेन्सिल हातात घेऊन

मी रसायनशास्त्र शिकवते, आणि सेंद्रिय रसायनाची सुरुवात अल्केनपासून, म्हणजे फक्त कार्बन आणि हायड्रोजन असलेल्या, सगळे बंध एकेरी असलेल्या संयुगांपासून होते, म्हणून या धड्यावर माझा विशेष जीव आहे. विद्यार्थी तो बहुधा पाठ करतात: नावं, उत्कलनांक, अभिक्रिया, अपवाद, सगळं सुटं सुटं. तसं करायची गरज नाही. रेणू नीट काढला आणि त्यातल्या प्रत्येक कार्बनवर किती हायड्रोजन आहेत हे मोजलं, की या धड्यावरचे बहुतेक प्रश्न त्या चित्रातूनच सुटतात. ते कसं, हे इथे दाखवते. शेजारी कोरा कागद आणि पेन्सिल ठेवा. नुसतं वाचलंत तर यातलं अर्धंच हाती लागेल.

आधी सांगाडा, मग हायड्रोजन

कार्बनची संयुजा चार, म्हणजे तो चार बंध करतो. अल्केनमध्ये सगळे बंध एकेरी, म्हणून प्रत्येक कार्बनभोवती बरोबर चार रेघा. रेणू काढताना आधी फक्त कार्बन जोडून घ्या, हायड्रोजनला हात लावू नका. सांगाडा पुरा झाला की एकेका कार्बनपाशी थांबा, त्याला किती कार्बन जोडलेले आहेत ते पाहा आणि ती संख्या चारमधून वजा करा. उरतील तेवढे हायड्रोजन. टोकाच्या कार्बनवर तीन, साखळीतल्या साध्या कार्बनवर दोन, जिथे एक फांदी फुटते तिथे एक, आणि चारही बाजूंनी कार्बनने वेढलेल्यावर एकही नाही.

मग बेरीज तपासा. साखळी सरळ असो की फांद्यांची, वलय नसेल तर हायड्रोजनची संख्या कार्बनच्या दुपटीपेक्षा दोनने जास्त येते. हे सूत्र कुठून आलं तेही सरळ साखळीच्या चित्रात दिसतं: प्रत्येक कार्बनचे दोन, आणि दोन टोकांना एकेक जादा. आठ कार्बनच्या रेणूत १८ हायड्रोजन भरले नाहीत, तर एखाद्या कार्बनला तीन किंवा पाच रेघा पडल्या आहेत. तो शोधा.

कागद सपाट असतो, रेणू सपाट नसतो. कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे जातात आणि मिथेनमध्ये कोणत्याही दोन बंधांमधला कोन १०९.५ अंशांचा असतो. कार्बनचा हा आकार व्हांट हॉफ आणि ल बेल या रसायनशास्त्रज्ञांनी १८७४ मध्ये एकमेकांपासून स्वतंत्रपणे सुचवला. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला तेव्हा वीसहून जास्त वर्षं बाकी होती, तरी केवळ संयुगांचे गुणधर्म आणि समघटकांची (सूत्र एकच पण रचना वेगळी अशा संयुगांची) संख्या यांवरून ते या आकारापर्यंत पोचले. मला हे आजही थक्क करतं. आता आपण या मांडणीला एसपी३ संकरण म्हणतो. तेव्हा ज्याला आपण सरळ साखळी म्हणतो ती खरं तर नागमोडी असते, आणि कागदावरचा काटकोन ही फक्त लिहिण्याची सोय. साखळी कागदावर खाली वळवली, उलटी लिहिली, मधेच मोडून वर नेली, तरी रेणू तोच राहतो.

समघटक: मोठ्या साखळीकडून लहान साखळीकडे

समघटक काढताना अंदाजाने फांद्या लावत गेलात तर एक तरी सुटतो आणि एखादा दोनदा येतो. माझ्या वर्गात मी एकच रीत चालू देते: सर्वांत लांब साखळीपासून सुरुवात, मग दर वेळी साखळी एका कार्बनने आखूड. सहा कार्बन घेऊन ती करून पाहू.

सहाही कार्बन एका रांगेत, हा पहिला. आता पाचची साखळी काढा. एक कार्बन मिथिल गट (एका कार्बनची फांदी) म्हणून हातात आहे. तो टोकाला लावला तर साखळी पुन्हा सहाची होते, म्हणून टोक वर्ज्य. दुसऱ्या कार्बनवर लावा, मग तिसऱ्यावर. चौथ्यावर लावू नका, कारण दुसऱ्या बाजूने मोजलं की तो दुसराच आहे. झाले तीन. आता चारची साखळी, हातात दोन कार्बन. दोन्ही मिथिल दुसऱ्या कार्बनवर, किंवा एक दुसऱ्यावर आणि एक तिसऱ्यावर. झाले पाच. इथे कोणीतरी हमखास विचारतं, ‘दोन्ही मिळून इथिल (दोन कार्बनची फांदी) करून दुसऱ्यावर लावला तर?’ प्रश्न चांगला आहे. लावा, आणि मग बोट ठेवून सगळ्यांत लांब वाट शोधा. ती इथिलमधून जाते आणि पाच कार्बनची भरते. म्हणजे हा ३-मिथिलपेंटेन, जो आधीच मोजून झाला. शेवटी तीनची साखळी: फांद्या फक्त मधल्या कार्बनवर बसू शकतात, तिथे जागा दोनच, आणि हातात कार्बन तीन. थांबा. हेक्झेनचे समघटक पाच.

हीच रीत चार कार्बनच्या ब्युटेनला दोन देते, पाचच्या पेंटेनला तीन, सातच्या हेप्टेनला नऊ, आठच्या ऑक्टेनला १८. दहाच्या डेकेनला ७५ मिळतात, ते काढत बसू नका. हेप्टेनचे नऊ मात्र एकदा स्वतः काढाच. नऊ सापडले की ही रीत कायमची हातात बसते.

नाव देणं यानंतर सोपं आहे, कारण सर्वांत लांब साखळी तुम्ही आधीच शोधलेली असते. ज्या टोकाकडून पहिली फांदी लवकर येते तिकडून क्रमांक द्या. फांद्यांची नावं लिहिताना वर्णक्रम रोमन लिपीतला धरायचा, म्हणून इथिल आधी आणि मिथिल नंतर, मग त्यांचे क्रमांक काहीही असोत: ४-इथिल-२-मिथिलहेक्झेन. डाय आणि ट्राय ही उपपदं या क्रमात मोजायची नाहीत. नावाचा पडताळा घ्यायचा असेल तर उलटं करा: नावावरून रेणू पुन्हा काढा आणि कार्बन मोजा. कोणी ‘२-इथिलब्युटेन’ असं लिहिलेलं दिसलं की लगेच काढून बघा, चूक कुठे आहे ते तुमचं बोटच सांगेल.

हायड्रोजनला रंग द्या

माझ्या मते या धड्याची किल्ली इथे आहे, आणि नेमका याच जागी बहुतेकांचा हात आखडता असतो.

ज्या कार्बनला एकच कार्बन जोडलेला आहे तो प्राथमिक, दोन असतील तर द्वितीयक, तीन असतील तर तृतीयक. त्यावरचे हायड्रोजन त्याच नावाने ओळखायचे. आता २-मिथिलब्युटेन काढा आणि तीन रंगांच्या पेन्सिली घ्या. प्राथमिक हायड्रोजन नऊ, द्वितीयक दोन, तृतीयक एक. बेरीज बारा, म्हणजे सूत्राशी जुळलं.

पण नऊ प्राथमिक हायड्रोजन सगळे सारखे नाहीत. दुसऱ्या कार्बनवरचे दोन मिथिल एकमेकांच्या जागी ठेवले तर रेणूत काहीच बदलत नाही, म्हणून त्यांचे सहा हायड्रोजन एका गटात. साखळीच्या दूरच्या टोकाचे तीन मात्र वेगळे, त्यांचा शेजारी वेगळा आहे. असे एकूण चार गट झाले: सहा, तीन, दोन, एक. ‘या संयुगापासून किती रचनेचे मोनोक्लोरो समघटक (एका हायड्रोजनच्या जागी एक क्लोरीन आलेले) मिळतील?’ या प्रश्नाचं उत्तर म्हणजे या गटांची संख्या, चार. अभिक्रिया अजून शिकलाही नाहीत तरी उत्तर देता येतं.

उत्कलनांक: स्पर्श किती होतो ते पाहा

कार्बन आणि हायड्रोजन यांच्या विद्युतऋणतेत, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्याच्या ताकदीत, फरक फार थोडा, म्हणून अल्केन अध्रुवीय. रेणूंना एकमेकांपाशी धरून ठेवतं ते फक्त क्षीण व्हॅन डर वाल्स बल, आणि ते पृष्ठभागाला पृष्ठभाग जितका भिडेल तितकं वाढतं. साखळी लांबली की पृष्ठभाग वाढतो आणि उत्कलनांक चढतो: मिथेन उणे १६१.५ अंश सेल्सिअस, इथेन उणे ८८.६, प्रोपेन उणे ४२.१, ब्युटेन उणे ०.५, पेंटेन ३६.१, हेक्झेन ६८.७. या यादीतले फरक काढा. आधी ७३, मग ४६, ४२, ३७, ३३. वाढ होतच राहते, पण एकेका कार्बनची भर हळूहळू कमी पडत जाते, कारण मोठ्या रेणूत एक कार्बन वाढणं हा प्रमाणाने लहान बदल आहे.

फांद्यांचा परिणाम समजायला पेंटेनचे तीन समघटक पुरेत. तिघांचं वजन एकच. सरळ साखळीचा उकळतो ३६ अंशांना, २-मिथिलब्युटेन २८ अंशांना, आणि २,२-डायमिथिलप्रोपेन ९.५ अंशांना. काड्यांची जुडी बांधली तर काड्या सगळ्या लांबीभर एकमेकींना टेकतात, चेंडू एकत्र ठेवले तर ते एकेका ठिपक्यापुरतेच टेकतात. फांद्या वाढत जातात तसा रेणू चेंडूकडे झुकतो.

द्रवणांकाचं गणित याहून निराळं आहे, आणि दोन्ही एकत्र घोकणाऱ्यांची इथे फसगत होते. घन अवस्थेत रेणू किती घट्ट रचले जातात यावर द्रवणांक ठरतो, म्हणून सममितीला महत्त्व येतं. तोच चेंडूसारखा २,२-डायमिथिलप्रोपेन उणे १७ अंशांना वितळतो, तर सरळ पेंटेन उणे १३० ला. उत्कलनांक सर्वांत कमी, द्रवणांक सर्वांत जास्त. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवा.

अल्केन पाण्यात विरघळत नाहीत आणि द्रव अल्केन पाण्यावर तरंगतात. हेक्झेनची घनता ०.६६ च्या आसपास आहे. यावर अधिक वेळ घालवू नका.

बंध फिरतो

एकेरी बंधाभोवती रेणूचे दोन भाग फिरू शकतात. इथेन काढायचा तर न्यूमन प्रक्षेप वापरा. रसायनशास्त्रज्ञ मेल्विन न्यूमन यांनी तो १९५२ मध्ये मांडला. बंधाच्या रेषेत डोळा ठेवून पाहतो आहोत असं समजा. पुढचा कार्बन म्हणजे तीन रेघा जिथे मिळतात तो बिंदू, मागचा म्हणजे वर्तुळ. मागच्या कार्बनच्या रेघा वर्तुळाच्या कडेपासून सुरू करायच्या, केंद्रापासून नाही. पुढच्या रेघांच्या बरोबर मधे मागच्या रेघा आल्या तर ती सांतरित मांडणी, एकामागे एक झाकल्या गेल्या तर ग्रस्त. दोहोंमध्ये ६० अंशांचा फेर आणि सुमारे १२.५ किलोज्यूल प्रति मोल ऊर्जेचा फरक. एवढी ऊर्जा सामान्य तापमानाला रेणूंच्या टकरींतून सहज मिळते, म्हणून या दोन मांडण्या वेगळ्या करून बाटलीत भरता येत नाहीत आणि त्यांना समघटकांच्या यादीत धरायचं नाही.

ब्युटेनसाठी दुसऱ्या आणि तिसऱ्या कार्बनमधल्या बंधातून पाहा. दोन मिथिल एकमेकांच्या विरुद्ध दिशेला असतील ती मांडणी सर्वांत स्थिर, ६० अंशांवर असतील तर ऊर्जा सुमारे ३.८ किलोज्यूलने जास्त.

अभिक्रिया: आधी ज्वलन

अल्केन निष्क्रिय का, हे विचारलं तर ‘संपृक्त आहेत (सगळे बंध एकेरी आहेत) म्हणून’ एवढ्यावर थांबू नका. कार्बन-कार्बन बंध तोडायला सरासरी ३४८ आणि कार्बन-हायड्रोजन तोडायला ४१३ किलोज्यूल प्रति मोल लागतात. शिवाय बंध जवळजवळ अध्रुवीय, त्यामुळे आम्ल किंवा आम्लारी यांना धरायला धनप्रभार किंवा ऋणप्रभार सापडत नाही. म्हणून साध्या परिस्थितीत काही घडत नाही. घडवायचं तर उष्णता हवी, प्रकाश हवा किंवा उत्प्रेरक हवा.

ज्वलनाचं समीकरण संतुलित करताना कार्बन आधी, हायड्रोजन नंतर, ऑक्सिजन सगळ्यांत शेवटी. ब्युटेन घ्या: चार कार्बन म्हणून कार्बन डायऑक्साइडचे चार रेणू, दहा हायड्रोजन म्हणून पाण्याचे पाच. उजवीकडे ऑक्सिजनचे अणू तेरा, म्हणजे रेणू साडेसहा. सगळं दुप्पट करा: ब्युटेनचे दोन, ऑक्सिजनचे तेरा, कार्बन डायऑक्साइडचे आठ, पाण्याचे दहा. सर्वसाधारण नियम असा की ऑक्सिजनचे रेणू मोजायला कार्बनची संख्या तिप्पट करा, एक मिळवा, दोनने भागा. हा नियम उलटाही चालतो. एका अल्केन वायूच्या एका घनफळाला पूर्ण जळायला ऑक्सिजनची पाच घनफळं लागली, तर पाच दुणे दहा, वजा एक नऊ, भागिले तीन म्हणजे तीन. तो प्रोपेन.

ज्वलनाची उष्णता पाहा: मिथेन ८९०, इथेन १५६०, प्रोपेन २२२०, ब्युटेन २८७८ किलोज्यूल प्रति मोल. दर पायरीला एक कार्बन आणि दोन हायड्रोजन वाढतात, आणि दर पायरीला उष्णता सुमारे ६६० ने वाढते. समजातीय श्रेणी म्हणजे काय हे मला या चार आकड्यांइतकं स्पष्ट दुसऱ्या कशाने सांगता आलेलं नाही. ऑक्सिजन कमी पडला तर कार्बन मोनॉक्साइड आणि काजळी. मोनॉक्साइड विषारी आहे आणि त्याला वास नाही, हे परीक्षेपलीकडेही लक्षात ठेवा.

क्लोरीन आणि प्रकाश

मिथेन आणि क्लोरीन अंधारात सामान्य तापमानाला शांत राहतात. अतिनील प्रकाश पडला की अभिक्रिया सुरू होते. पायऱ्या तीन. प्रारंभ: क्लोरीनचा बंध तुटून दोन क्लोरीन मूलक (जोडी नसलेला एक इलेक्ट्रॉन असलेले कण) होतात. या मिश्रणात सर्वांत कच्चा बंध हाच, सुमारे २४२ किलोज्यूलचा, म्हणून तोच आधी तुटतो. प्रसारण: क्लोरीन मूलक मिथेनचा एक हायड्रोजन घेऊन जातो आणि मिथिल मूलक उरतो. मिथिल मूलक दुसऱ्या क्लोरीन रेणूवर जाऊन क्लोरोमिथेन बनवतो आणि नवा क्लोरीन मूलक सोडतो. समाप्ती: दोन मूलक एकमेकांना भेटतात आणि साखळी तुटते.

लिहिताना एक तपासणी ठेवा. प्रसारणाच्या प्रत्येक ओळीत डावीकडे एक मूलक आणि उजवीकडे एक मूलक हवा. प्रारंभात शून्यातून दोन, समाप्तीत दोनातून शून्य. उत्पादितांत थोडा इथेन सापडतो, तो दोन मिथिल मूलक जुळल्याची खूण आहे, आणि यंत्रणा मूलकांची असल्याचा हा चांगला पुरावा मानतात. क्लोरीन जास्त असेल तर डायक्लोरो, ट्रायक्लोरो, टेट्राक्लोरोमिथेनपर्यंत गाडी जाते. एकाच पायरीवर थांबवायचं असेल तर मिथेन भरपूर ठेवायचा.

वर्गात मी हेक्झेन आणि ब्रोमीन घेऊन दोन परीक्षानळ्या दाखवते. एकीला काळा कागद गुंडाळायचा, दुसरी प्रखर दिव्यासमोर. गुंडाळलेलीचा नारिंगी रंग तसाच राहतो, उघडीचा हळूहळू फिका पडतो. तोंडाशी ओला निळा लिटमस धरला की तो लाल होतो, कारण हायड्रोजन ब्रोमाइड बाहेर पडतो. हे फक्त प्रयोगशाळेत, वायुविजन कक्षात, शिक्षकांच्या हातून. पण एकदा पाहिलं की ‘प्रतियोजन’ (एक अणू जाऊन त्याजागी दुसरा येणं) आणि ‘समावेशन’ (काहीही न जाता अणू जोडले जाणं) यांत घोटाळा होत नाही: अल्कीनमध्ये, म्हणजे कार्बन-कार्बन दुहेरी बंध असलेल्या संयुगात, ब्रोमीन अंधारातही मुरतो आणि असा आम्लाचा वायू निघत नाही.

आता रंगवलेले हायड्रोजन कामाला येतात. क्लोरीन मूलकासाठी प्राथमिक, द्वितीयक आणि तृतीयक हायड्रोजन सुटण्याचा सापेक्ष वेग सामान्य तापमानाला साधारण १ : ३.८ : ५ असतो. प्रोपेनवर प्राथमिक सहा, द्वितीयक दोन. सहा गुणिले एक म्हणजे ६, दोन गुणिले ३.८ म्हणजे ७.६. बेरीज १३.६, म्हणून २-क्लोरोप्रोपेन सुमारे ५६ टक्के आणि १-क्लोरोप्रोपेन ४४. प्रयोगात ५५ आणि ४५ मिळतात. २-मिथिलप्रोपेनवर प्राथमिक नऊ, तृतीयक एक: ९ विरुद्ध ५. तृतीयक हायड्रोजन पाचपट लवकर सुटतो, तरी प्राथमिक उत्पादितच ६४ टक्के येतं, कारण ते संख्येने भारी आहेत. हे गणित न करता ‘तृतीयक मूलक स्थिर म्हणून मुख्य उत्पादित तृतीयक’ असं लिहिणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

ब्रोमीनसाठी हेच गुणोत्तर सुमारे १ : ८२ : १६०० आहे. प्रोपेनचं गणित पुन्हा करा: ६ विरुद्ध १६४, म्हणजे ९६ टक्क्यांहून जास्त २-ब्रोमोप्रोपेन. ब्रोमीन मूलक कमी क्रियाशील, हायड्रोजन ओढून घेण्याची त्याची पायरी ऊर्जा शोषणारी, म्हणून कुठला बंध सैल आहे याला तिथे फार किंमत येते. क्लोरीनची तीच पायरी ऊर्जा सोडणारी, त्याला फारसा फरक पडत नाही. फ्लोरीन तर इतका तीव्र की अभिक्रिया स्फोटक होते. आयोडीनची अभिक्रिया उलट फिरते, ती पुढे नेण्यासाठी तयार होणारा हायड्रोजन आयोडाइड नायट्रिक किंवा आयोडिक आम्लाने काढून टाकावा लागतो.

उरलेल्या अभिक्रिया एका बैठकीत होतात. हेक्झेनपासून सुमारे ७७३ केल्विनला, १० ते २० वातावरण दाबाखाली, क्रोमियम किंवा व्हॅनेडियमच्या ऑक्साइडवर बेंझीन. निर्जल ॲल्युमिनियम क्लोराइड आणि हायड्रोजन क्लोराइडच्या साथीने सरळ साखळीपासून फांदीची. पोटॅशियम परमँगनेटने फक्त तृतीयक हायड्रोजनचा अल्कोहोल होतो, म्हणून २-मिथिलप्रोपेनला चालतो आणि ब्युटेनला नाही. इथेही उत्तर रंगातच आहे.

तयार करण्याच्या रीतींत वुर्ट्झची अभिक्रिया, १८५५ सालची, विचारली जातेच. दोन अल्किल हॅलाइड (एका हायड्रोजनच्या जागी क्लोरीन, ब्रोमीन किंवा आयोडीन असलेले अल्केन) आणि कोरड्या ईथरमध्ये सोडियम, दोन गट जुळून मोठा अल्केन. दोन्ही गट सारखे असतील तरच ती उपयोगी. ब्रोमोमिथेन आणि ब्रोमोइथेन एकत्र घेतले तर इथेन, प्रोपेन आणि ब्युटेन तिन्ही येतात. मिथेन तिने मिळूच शकत नाही, कारण जुळायला किमान दोन कार्बन लागतात.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. आठ कार्बनचा एक अल्केन प्रकाशात क्लोरीनशी अभिक्रिया करून एकच मोनोक्लोरो संयुग देतो. तो कोणता? एकच संयुग म्हणजे अठराही हायड्रोजन एका गटातले. अठरा म्हणजे सहा मिथिल, त्यांत सहा कार्बन संपले, उरले दोन, आणि त्यांच्यावर हायड्रोजन नाही. ते दोन एकमेकांना जोडा, प्रत्येकावर तीन मिथिल लावा: २,२,३,३-टेट्रामिथिलब्युटेन. याची सममिती इतकी आहे की सरळ ऑक्टेन उणे ५७ अंशांना वितळतो, तर हा सुमारे १०० अंशांपर्यंत घनच राहतो, आणि १०६ च्या आसपास उकळूनही जातो.